मेल्या उंदरापासून शिळ्या भातापर्यंत

कवडू पुस्तोडेला वास येत नाही, ही गोष्ट चिचटोलीत सगळ्यांना माहीत होती. कवडूला ती सगळ्यांच्या शेवटी कळली, आणि तीही बायको माहेरी निघून गेल्यावर.

आंधळगावाहून दीड कोसावरच्या या गावात भैय्याजी शेठची उसन्या तांदळाची मिल होती. उसना करायचा म्हणजे धान आधी भिजवा, मग वाफवा, मग वाळवा आणि शेवटी भरडा. भिजवायला सिमेंटचे चार हौद होते. धान तीन दिवस हौदात पडे, फुगे, आंबे, आणि चौथ्या दिवशी बूच काढलं की पिवळं फेसाळ पाणी नालीतून असं सुटे, की वाटेतलं झोपलेलं कुत्रं उठून दुसऱ्या आळीत जाऊन झोपे. बूच काढायचं काम कवडूचं. चौऱ्याहत्तर साली मिल लागली तेव्हापासून.

घरी धानाच्या दोन बांध्या होत्या, त्यांना बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं, पाणी होतं, पोटापुरतं पिकत होतं. पण बांधीतलं काम चार महिन्यांचं, म्हणून उरलेले आठ महिने तो हौदावर जाई. पहिल्या वर्षी तो तोंडाला दुपट्टा बांधून काम करायचा. दुसऱ्या वर्षी दुपट्टा गळ्यात आला. तिसऱ्या वर्षी तो दुपट्टा हौदाच्या काठावर अंथरून त्यावरच शिदोरी सोडून जेवू लागला. नाकानं कधी रजा घेतली, ते त्यालाही कळलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पोळ्याला त्यानं बैलांच्या शिंगांना जवसाचं तेल समजून काळं फिनाईल चोळलं. तोरणाखाली आधी त्याची जोडी शिंकली, मग शेजारची, आणि तोरण तुटायच्या आत पंधरा-वीस बैल एका सुरात शिंकताना गावानं पाहिले. "हवा पालटली, बैलाईले सर्दी झाली," असं कवडूचं मत पडलं.

त्याची बायको मनकर्णाबाई अड्याळची. तिचं नाक शाबूत होतं, हेच तिचं दुर्दैव. मिलची नाली बरोबर तिच्या परसामागून जाई आणि पुढं बोडीला मिळे. तरी पावसाळ्याचे चार महिने बरे जायचे. ऊन नाही म्हणजे धान वाळत नाही, धान वाळत नाही म्हणजे मिल बंद. त्या चार महिन्यांच्या भरवशावर ती उरलेले आठ महिने काढी. पण ऐंशी साली भैय्याजीनं रायपूरहून धान वाळवायची मशीन आणली. मिल बारा महिने चालू झाली. भैय्याजीनं गावात पेढे वाटले. मनकर्णाबाईनं पेढा हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत केला.

एक वर्ष तिनं काढलं. एक्क्याऐंशीच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी कवडू पुरणपोळी खात बसला होता. ती बसली नव्हती.

"जेवत काहून नाई व?"

"वास येऊन राहिला."

"कायचा?"

सात वर्षं नाकाला पदर लावून भांडी घासलेल्या बाईला हा एक शब्द पुरे झाला.

"कायचा?" मनकर्णाबाई उठली. "बाप्पा, कायचा म्हणते हा माणूस! तुमच्या शेठचं सडकं पाणी माह्या परसातून जाते, आन् मलेच इचारता कायचा? माह्या न्हानीचं पाणी पाहा एकडाव. धोप्याच्या आळ्यातून जाते, न मंग वांग्याईले लागते. आंग धुतलेलं पाणी हाय असं कोणी म्हणंन का? तुमच्या शेठचं पाणी कोण्या धोप्यातून येते? ते धोप्यातून येईन तवा मले बलवा!"

धोपा म्हणजे अळू. आपल्याकडे न्हाणीच्या मागं धोप्याचं आळं नाही असं घर सापडायचं नाही. पाणी धोप्याला, धोपा वडीला, असा सरळ हिशेब. पण मनकर्णाबाईनं ते काही शेतीशास्त्र म्हणून सांगितलं नव्हतं. तो टोमणा होता. तिनं पेटी उचलली, भंडाऱ्याची यष्टी धरली आणि भंडाऱ्याहून अड्याळ गाठलं.

दुसरा कोणीही टोमणा ओळखून अड्याळला गेला असता, सासऱ्यासमोर मान खाली घालून बसला असता आणि आठ दिवसांत बायको घेऊन आला असता. पण कवडू कोहळ्याच्या घरचा. त्याच्या वाडवडिलांचा जन्म तळी बांधण्यात गेला. या घरातल्या माणसासमोर पाण्याचं नाव काढलं, की त्याला पुढचं काही ऐकू येत नाही. त्याच्या डोक्यात फक्त उतार दिसू लागतो. कवडूनं टोमण्यातला राग सांडून दिला आणि पाणी तेवढं ठेवून घेतलं. ते धोप्यातून आणायचं होतं. दोन दिवस विचार करून तिसऱ्या दिवशी तो भैय्याजीच्या गादीपुढं उभा राहिला.

"शेठ, मिलच्या मागची पडीक जागा पायजे होती. नालीच्या कडंची."

"कायले?"

"धोपा लावतो म्हणतो."

"नाली में बगीचा?" भैय्याजी हसला. "अरे, पागल झाला का कवडू? आज धोपा लावशील, उद्या गुलाब लावशील, परवा अत्तराची दुकान काढशील!"

"शेठ, मनकर्णा माहेरी गेली."

"काहून?"

"वासापायी."

"कायचा वास?"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. तेव्हा कुठं कवडूच्या ध्यानात आलं, की भैय्याजीची गादी हौदापासून वीस पावलांवर आहे आणि तोही तिथं सात वर्षं बसतो आहे. आपल्याला काय झालं आहे, ते त्याला शेठच्या तोंडाकडे पाहून कळलं. भैय्याजीला मात्र काहीच कळलं नाही. "घे बाबा जागा," तो म्हणाला, "तिथी तसंही काही उगवत नाई."

चैत-वैशाखाच्या उन्हात कवडूनं हौदावरचं काम झालं की कुदळीनं तीन खड्डे खणले, एकाखाली एक, प्रत्येक वरच्यापेक्षा चार बोटं खोल. उतार मोजायला त्यानं नळी वापरली नाही की दोरी वापरली नाही. पालथं पडून, एक डोळा मिटून, मातीला गाल लावून तो पाहायचा. रस्त्यानं जाणारे लोक थांबून विचारायचे, "काय गा कवडू, धरणीमायले गोष्ट सांगून राहिला का?" पहिल्या खड्ड्यात त्यानं गिट्टी टाकून लव्हाळा लावला, म्हणजे फेस आणि कोंडा तिथंच अडेल. दुसरा, सगळ्यात मोठा, धोप्याचा. तिसऱ्यात नदीची रेती आणि काठानं वाळा.

धोप्याचे कांदे कुठून आणायचे, हा प्रश्न होता. परसात मनकर्णाबाईचा धोपा होता, वड्यांसाठी गावात नावाजलेला. पण तिच्या माघारी तिच्या आळ्याला हात लावायची कवडूची छाती झाली नाही. मिरगाचा पाऊस पडल्यावर तो बोडीच्या चिखलात उतरला आणि तिथं आपोआप उगवणारा रानधोपा भाराभर उपटून आणला. त्या धोप्याला डुकरंही तोंड लावत नाहीत, इतका तो खाजरा. पण कवडूला तो खायचा नव्हता. गावाला मात्र वाटलं, की न्हाणीमागचाच धोपा वाढवून लावला आहे. विचारलं कोणी नाही, म्हणून सांगितलंही कोणाला नाही.

आता अडचण एवढीच होती, की पाणी सुधारलं की नाही हे ज्याला कळायला हवं, त्यालाच कळत नव्हतं. कवडू तिसऱ्या खड्ड्याशी ओणवा होऊन लांब श्वास घ्यायचा. हौदाशी जाऊन तसाच घ्यायचा. दोन्हीकडे हवाच लागायची. शेवटी तो शेजारच्या शकुनबाईकडे गेला.

शकुनबाईचं नाक पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. रस्त्यावरून चालता चालता ती सांगायची, की या घरी आंबाडीची भाजी आहे, त्या घरी वरण लागलं आहे, आणि पलीकडच्या घरी सून रुसली आहे कारण फोडणी सासूच्या हातची आहे.

"काकी, तुमचं नाक पायजे होतं," कवडू म्हणाला.

"घे न, कापून नेतं का?"

"तसं नाई जी. दर सोमवारी येऊन वास सांगा लागंन."

शकुनबाईला आयुष्यात पहिल्यांदा नाकाबद्दल मान मिळत होता. आजवर फक्त भांडणंच मिळाली होती. ती धुतलेलं लुगडं नेसून आली. तिसऱ्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिली, डोळे मिटले.

"मेला उंदीर," ती म्हणाली. "तीन दिसाचा."

पुढच्या सोमवारीही उंदीरच होता. आषाढाच्या शेवटी धोपा गुडघ्याएवढा झाला. शकुनबाईनं दोनदा श्वास घेतला, मान हलवली. "उंदीर गेला. आता बोकड हाय."

कवडूचा चेहरा पडला. "काकी, बोकड उंदरापक्षा बरा का वाईट?"

"जिता हाय न, बाबू!"

त्याच दिवशी कवडूनं आंधळगावला जाऊन कार्ड टाकलं. "सौ. मनकर्णाबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि. येथे मेला उंदीर होता, तो आता जिता बोकड झाला आहे. काळजी नसावी. यावे."

अड्याळात मनकर्णाबाईच्या भावाचं, टिकारामचं, किराण्याचं दुकान होतं. पोस्टमन कार्ड दुकानात देई आणि टिकाराम ते गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचे. ‘मेला उंदीर जिता बोकड झाला’ हे ऐकून एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "असा पुरुष कोण्या गावी हाय, सांग रे टिकाराम, दर्शन घेऊन येतो." मनकर्णाबाईला दोन दिवस पाण्याला जायची लाज वाटली. उत्तर आलं, टिकारामच्या अक्षरात: "बोकडासोबत राहायचे असते तर इतक्या दूर आले नसते."

सावणात धोपा कमरेला लागला. एकेक पान सुपाएवढं. मिलच्या आंबलेल्या पाण्यात त्याला असं काही सापडलं होतं, की तो दिवसागणिक चढत होता. शकुनबाईच्या नाकात बोकडाचं ओलं पोतं झालं. कवडूनं पोत्याचं कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. मग पोळा जवळ आला आणि पोळ्याच्या आधीच्या सोमवारी शकुनबाई काठावर बराच वेळ उभी राहिली. इतका वेळ, की कवडूला वाटलं, हिचंही नाक गेलं.

"शिळा भात," ती शेवटी म्हणाली. "पाणी घालून ठेवलेला. सकायचा."

कवडू तिच्या पाया पडला. शिळा भात म्हणजे घरातला वास! या कार्डाला उत्तर लगेच आलं. "शिळा भात मी रोजच खाते. पण शकुनकाकीच्या नाकावर मी संसार करणार नाही. ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी टिकाराम व मी येऊ. माझ्या नाकाला बरे वाटले तर राहीन. नाही तर माझी भांडी घेऊन कायमची परत जाईन." ‘कायमची’ खाली टिकारामनं दोन रेघा मारल्या होत्या.

कवडूनं कार्ड दुपट्ट्याच्या टोकाला बांधलं. दिवस मोजले. धोप्याच्या पानापानाला हात लावून पाहिलं. त्याच्या समजुतीनं सगळा वास ती पानं पीत होती. पान जितकं मोठं, तितकं पिणं जास्त. त्याला पानं राखायची होती, बस्स.

आणि ऋषिपंचमी आली.

ऋषिपंचमीला बायांना बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगरलेल्या जमिनीतलं धान नको, गाडीतून आलेली भाजी नको. नुसतं आपोआप उगवलेलं, फार तर हातानं खणून लावलेलं. दर वर्षी या दिवशी बाया परसापरसातून पानं मागत फिरत. त्या सकाळी शकुनबाईनं विहिरीवर जाहीर केलं:

"कायले फिरता व? कवडूचा धोपा पाहा. कुदळीनं खणला, हातानं लावला, पाणी मशीनीच्या हौदाचं. बैलाची सावली नाई पडली त्याच्यावर. याच्यापक्षा पवित्र धोपा काशीत बी भेटनार नाई!"

कवडू हौदावर होता. तासाभरात सत्तावीस बायांनी ओटी भरभरून पानं नेली.

धोप्याची भाजी चिंच घालून करतात, म्हणजे घसा खाजत नाही. पण घरातली चिंच बैलगाडीतून आली होती. चिंच बाद. तेल घाण्याचं, घाण्याला बैल. तेल बाद. तेव्हा गावभर रानधोपा नुसत्या मिठात शिजला आणि दुपारी बायांनी तो मनोभावे खाल्ला.

पहिली शकुनबाई गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून शेजारीण पाहायला गेली, तर तिलाही बोलता येईना. तिसऱ्या प्रहरी चिचटोलीत इतकी शांतता पसरली, की पुरुष घाबरून घराबाहेर आले. बाया ओट्यांवर गळा धरून बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी, ओठ वांग्यासारखे फुगलेले.

बातमी भैय्याजीकडे गेली ती अशी, की मिलच्या पाण्याचा धोपा खाऊन सत्तावीस बाया आटोपल्या. तो घशाला उतारा म्हणून गुळाची भेली काखेत मारून धावत सुटला. शकुनबाईच्या ओट्यावर पोचून त्यानं गुळाचा खडा तिच्या तोंडाशी धरला. तिनं जोरानं मान हलवली आणि दोन बोटांची शिंगं करून कपाळाला लावली.

"हे राम!" भैय्याजी मटकन खाली बसला. "यमाचा रेडा दिसून राहिला हिले!"

तेवढ्यात कवडू हौदावरून आला. त्यानं शिंगं पाहिली आणि त्याला बरोबर समजलं. "रेडा नाई शेठ, बैल म्हंते काकी. तुमचा गूळ चरकाचा, चरकाले बैल. उपासाले चालत नाई. साखर आना. कारखान्यात मशीन असते."

भैय्याजीनं घरातली सगळी साखर आणून गावात वाटली. पण कवडू ते पाहायला थांबला नाही. ‘धोपा’ हा शब्द कानावर पडताच तो मिलच्या मागं धावला होता. दुसऱ्या खड्ड्यात पान म्हणून शिल्लक नव्हतं. नुसते दांडे उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या यष्टीनं मनकर्णाबाई आणि टिकाराम उतरले. अर्धं गाव मिलच्या मागं जमलं होतं. पुरुष बोलत होते, बाया खुणा करत होत्या.

"भाटवे," टिकाराम खड्ड्याकडे पाहून बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला, "धोपा कोठी हाय गा? का तो बी माहेरी गेला?"

"काल होता," कवडू म्हणाला. "काकीले इचारा." शकुनबाईनं गळा दाखवला आणि हात जोडले.

मनकर्णाबाई सरळ वरच्या टोकाला निघाली. ती हौदाच्या बुचापाशी गेली. नाकाला पदर लावला. नालीच्या काठानं चालू लागली. कवडूचे डोळे त्या पदरावर होते. वास कळायला त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. लव्हाळ्याच्या खड्ड्यापाशी पदर नाकाला तसाच. धोप्याच्या दांड्यांपाशी तसाच, पण जरा सैल. तिसऱ्या खड्ड्याशी ती थांबली. वाळ्याच्या काठाशी उकिडवी बसली. ओंजळीत पाणी घेतलं. पदर खाली आला. खालीच राहिला.

"पानं खुडली तरी..." कवडू दांड्यांकडे पाहत म्हणाला.

"पानाचं काय काम हाय?" मनकर्णाबाई म्हणाली. "धोपा लावून तीन महिने झाले, येवढं बी नाई समजलं? मी दर आठ दिसाले वडीसाठी पानं कापतो, त न्हानीचं पाणी सडलं का कधी? पाणी त मुळी साफ करते, पान नाई. पान कापलं का नवं फुटते, आन् मुळी आणखी ओढते. चांगलंच केलं यायनं खुडून." मग तिनं एक दांडा मोडून चिकाकडे पाहिलं. "आन् हा कोण्या बह्याडानं खाल्ला? हा त बोडीचा हाय!"

सत्तावीस बायांनी जमिनीकडे पाहिलं.

"मंग?" टिकाराम म्हणाला. "भांडे काढू का नको, बाई?"

मनकर्णाबाई उठली आणि कवडूकडे आली. चार पावलांवर आली आणि कवडूनं पाहिलं, पदर पुन्हा वर गेला. नाकाशी घट्ट.

"पाणी बरं हाय," ती पदराआडून म्हणाली. "तुमीच सडले."

गावात ज्यांचे गळे चालत होते ते सगळे हसू लागले. कोणीच खोटं म्हणेना. सात वर्षं हौदात उतरणारा माणूस हौदाचाच झाला होता आणि ते सांगायची आजवर कोणाला गरज वाटली नव्हती.

"मंग मी काय करू?" कवडू म्हणाला. "मले लावता का धोपा?"

"उतरा," मनकर्णाबाईनं तिसऱ्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"आता? येवढ्याईच्या समोर?"

"टिकाराम, भांडे काढ रे."

कवडू दुपट्ट्यासकट खड्ड्यात उतरला. पाणी गुडघ्याला लागलं, तो खाली बसला तेव्हा छातीला आलं. मनकर्णाबाईनं वाळ्याची दोन मुळं उपटली, दगडावर ठेचली आणि त्याच्याकडे फेकली. "आंग घासा."

त्यानं घासलं. मान, काखा, पाठ. काठावर शकुनबाई, तिच्याशेजारी भैय्याजी, आणि भैय्याजीच्या शेजारून हळूच सरकून दूर उभी राहिलेली त्याची बायको.

"झालं?" कवडूनं विचारलं.

मनकर्णाबाईनं शकुनबाईकडे पाहिलं. शकुनबाईनं डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि बोलता येत नव्हतं म्हणून नुसता हात हलवला. अजून नाही.

"डोस्कं बुडवा," मनकर्णाबाई म्हणाली. आणि टिकारामनं भांड्यांसाठी आणलेली रिकामी पिशवी त्याच्या हातून घेऊन ती भात मांडायला घराकडे निघाली.